एकही डेथ नाही

"अगं, बावीस वर्षं इथं ऑपरेशनं करतोय. भुलीनं एकही डेथ नाही."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एमडी होऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, पंधरा खाटांचं नर्सिंग होम, आठवड्यातून दोन दिवस मी तिथं भूल द्यायला जायची. सरांकडे मी एकच गोष्ट मागितली होती, कॅप्नोग्राफ. पेशंटच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं हे यंत्र. भूल देताना घशातून घातलेली नळी श्वासनलिकेत गेलीय की चुकून अन्ननलिकेत, हे ते पाच-सहा श्वासांत सांगतं. पल्स ऑक्सिमीटरही सांगतो, पण उशिरा. रक्तातला ऑक्सिजन संपायला लागेपर्यंत तो ९९ दाखवत निवांत पिकपिक करत राहतो.

सर वाईट नव्हते. हात सफाईदार, गरिबाचं बिल कमी करणारे. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ते वाक्य म्हटलं. मला उत्तर सुचलं नाही. परत येताना एसटीत बसल्यावर सुचायला लागलं, आणि मग लक्षात आलं की हे वाक्य मी आधी कुठंतरी वाचलंय. हैदराबादमध्ये, १८८९ साली, एका इंग्रज सरकारच्या डॉक्टरनं ते जाहीरपणे उच्चारलं होतं. आमचं गाव तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होतं.

इथं एक कबुली देते. भूलशास्त्राच्या एमडीला पहिल्या पेपरात भौतिकशास्त्र, उपकरणं आणि संख्याशास्त्र असतं. आम्ही सगळे ते शेवटच्या पंधरवड्यासाठी ठेवायचो. बॉइलचा नियम, व्हेपोरायझरचा छेद काढून दाखवणारी आकृती, पी व्हॅल्यूची व्याख्या: व्हॉयव्हात विचारतात म्हणून पाठ. यावर कधी कुणाचा जीव गेला असेल असं ते वाचताना अजिबात वाटत नाही. हैदराबादची गोष्ट नीट वाचली तेव्हा हे तिन्ही विषय मला पहिल्यांदा एकाच टेबलावर दिसले.

गोष्ट इंग्लंडमध्ये सुरू होते. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनमध्ये मॉर्टननं ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. साधारण वर्षभरानं, नोव्हेंबर १८४७ मध्ये, एडिंबरात जेम्स सिम्प्सननं स्वतःच्या घरी जेवणानंतर मित्रांबरोबर क्लोरोफॉर्म हुंगून पाहिलं आणि सगळे टेबलाखाली गेले. क्लोरोफॉर्म ईथरपेक्षा सोयीचं. वास गोड, थोडं पुरतं, पेट घेत नाही. बाटली खिशात, रुमाल हातात, झालं काम.

२८ जानेवारी १८४८. न्यूकॅसलजवळ विन्लेटन नावाच्या गावात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढायला खुर्चीवर बसली. ती घाबरलेली होती, रडत होती. डॉक्टरनं कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म ओतून नाकाशी धरलं. साधारण अर्ध्या मिनिटानं नखाला हात लावला, तेव्हा तिनं पाय झटकला. डॉक्टरला वाटलं, भूल अजून पुरेशी चढली नाही. पण तिचा चेहरा पांढरा पडला, ओठातून फेस आला. पाणी तोंडावर मारलं, ब्रँडी तोंडात घातली. दोन-तीन मिनिटांत ती गेली.

तो पाय झटकणं लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

ती कशानं गेली? सिम्प्सन म्हणाला, क्लोरोफॉर्मनं नाही, तोंडात ओतलेल्या पाण्या-ब्रँडीनं गुदमरून. लंडनमध्ये जॉन स्नो म्हणाला, क्लोरोफॉर्मची वाफ फार तीव्र होती, हृदय थांबलं. हा तोच स्नो, ज्यानं १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपापर्यंत कॉलरा शोधत नेला. तो पोटापाण्यासाठी भूल द्यायचा. राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात १८५३ मध्ये क्लोरोफॉर्म देणारा तोच.

स्नोचं वेगळेपण असं की 'किती दिलं' यापेक्षा 'हवेत किती टक्के' हा प्रश्न त्यानं आधी विचारला. चमचाभर क्लोरोफॉर्म पूर्ण उडालं तर एक ते दीड लिटर वाफ होते. ती वीस-तीस लिटर हवेत नीट मिसळली तर सुमारे पाच टक्के, आणि यापलीकडे जाऊ नये असं स्नोचं मत होतं. पण कापडाला कोण सांगणार नीट मिसळायला? वीस अंश तापमानाला क्लोरोफॉर्मला लागून असलेली हवा वाफेनं भरली की तीत सुमारे २१ टक्के क्लोरोफॉर्म मावतं. तीस अंशाला तोच आकडा तीसच्या वर जातो. म्हणजे तेच कापड, तोच चमचा, पण लंडनच्या जानेवारीत आणि हैदराबादच्या मे महिन्यात दोन वेगळी औषधं. त्यात आणखी गंमत अशी की द्रव उडताना स्वतः थंड होतं, म्हणून मिनिटागणिक वाफ कमी होत जाते. हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार वाटतं ते याचमुळे. कापड धरणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून स्नोनं इनहेलर बनवला. आत टिपकागदाच्या वळशांवर क्लोरोफॉर्म, भोवती पाण्याचं भांडं. पाणी सहजासहजी गार किंवा गरम होत नाही, त्यामुळे आतलं तापमान आणि वाफेचं प्रमाण बऱ्यापैकी टिकून राहतं. आज ओटीत भुलीच्या मशीनवर जो रंगीत डबा दिसतो, ज्याची चकती आम्ही दोन किंवा तीनवर फिरवतो, तो या भांड्याचाच पणतू. पाण्याऐवजी धातूचा जाड गोळा आणि तापमानानुसार वाकणारी पट्टी, इतकाच फरक. १८५८ मध्ये स्नो गेला तेव्हा त्याचं पुस्तक जवळपास पुरं झालं होतं. त्यात त्यानं क्लोरोफॉर्मच्या ५० मृत्यूंची एकेक करून छाननी केलीय. त्यातले बरेच जण भूल सुरू होतानाच गेलेले.

एडिंबरात मात्र यंत्राला नाकं मुरडली जायची. तिथला मोठा सर्जन जेम्स साइम. त्याची शिकवण सोपी होती: उघडं कापड वापरा, भरपूर हवा राहू द्या, नाडीकडे बघत बसू नका, फक्त श्वासाकडे लक्ष ठेवा. श्वास अडखळला की जीभ बाहेर ओढा. त्याच्या हाताखाली शिकलेला एडवर्ड लॉरी पुढं लष्करी वैद्यकीय सेवेतून हिंदुस्थानात आला. लाहोरात शिकवलं, १८८५ मध्ये हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन झाला आणि तिथली वैद्यकीय शाळाही त्याच्या हाती आली. एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायलाच हवी, या शाळेत त्यानं मुलींना घेतलं. त्यातल्या एका पारशी मुलीकडे आपण परत येऊ.

लॉरीचा गुरूवर अढळ विश्वास. क्लोरोफॉर्मनं हृदय आधी थांबत नाही, नेहमी श्वास आधी थांबतो. म्हणजे श्वासावर लक्ष ठेवलं तर कुणी मरूच शकत नाही. हे सिद्ध करायला १८८८ मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयानं पहिलं हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष, लॉरी बरोबर. पुढच्या वर्षी त्यानं एका जाहीर भाषणात आपला अनुभव सांगितला: मोठ्या रुग्णालयांत पंधरा वर्षं, रोज सरासरी पाच-सहा भुली, एकूण चाळीस-पन्नास हजार, आणि एकही मृत्यू नाही.

लंडनच्या 'लॅन्सेट'ला हे पटलं नाही. तर निजामांनी काय केलं? एक हजार पौंड देऊ केले: तुमचाच माणूस पाठवा, पुन्हा प्रयोग करा. आमच्या आजोबांच्या तोंडी निजाम हा शब्द कधी चांगल्या अर्थानं आला नाही. (त्यांचा निजाम सातवा.) पण टीका करणाऱ्यालाच खर्च देऊन प्रयोगशाळेत बोलावणं ही गोष्ट मला आजही मोठी वाटते.

'लॅन्सेट'नं थॉमस लॉडर ब्रंटनला पाठवलं. औषधशास्त्रातलं मोठं नाव आणि हृदयाला थेट धोका असतो असं मानणारा माणूस. १८८९ च्या ऑक्टोबरात तो हैदराबादला पोचला. बहुतेक कुत्री, शिवाय माकडं आणि इतर जनावरं मिळून चारशेहून अधिक प्राण्यांना क्लोरोफॉर्म दिलं गेलं. शंभरावर प्रयोगांत रक्तदाबाची रेघ फिरत्या कागदावर उमटवून घेतली. त्या काळासाठी हे अफाट काम होतं. त्या जनावरांचा विचार मात्र मनातून जात नाही. आणि ब्रंटन फिरला. डिसेंबरात त्यानं लंडनला तार केली: धोका गुदमरण्याचा आणि जादा मात्रेचा, हृदयाला थेट काही नाही.

लॉरी जिंकला. कापड जिंकलं. नाडी बघणारे मूर्ख ठरले.

आता कागद-पेन घ्या, किंवा मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढा. संख्याशास्त्रात एक छोटा नियम आहे. तो प्रसिद्ध झाला एका १९८३ सालच्या लेखामुळे. हॅन्ली आणि लिपमन-हँड या दोघांचा तो लेख आणि त्याच्या शीर्षकातला प्रश्न साधारण असा, काही बिघडलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे का? नियम असा: जितक्या केसेस पाहिल्या आणि ज्यांत एकही वाईट घटना घडली नाही, त्या संख्येनं ३ ला भागा. खरा धोका साधारण तिथपर्यंत असू शकतो, आणि तरीही तुम्हाला शून्यच दिसू शकतं. १०० केसेस, शून्य मृत्यू? खरा धोका शंभरात तीन असू शकतो.

पाचशे प्राणी धरू. ३ भागिले ५००, म्हणजे सुमारे १६७ मध्ये एक. हृदय अचानक थांबण्याचा धोका दोनशेत एक असता, तरी हैदराबादला एकही प्राणी तसा मेला नाही असं सहज होऊ शकलं असतं. इंग्लंडमध्ये तेव्हा क्लोरोफॉर्मचा मृत्यू साधारण तीन हजारात एक धरला जायचा. तीन हजारात एकदा घडणारी गोष्ट पाचशे जनावरांत शोधायची आणि सापडली नाही म्हणून ती नाहीच असं म्हणायचं! इतकी मेहनत, इतका पैसा, इतके प्राणी, आणि प्रश्नाच्या मानानं जाळ्याची भोकं आधीपासूनच मोठी.

मग लॉरीचे चाळीस हजार? ती संख्या तर दणकट आहे. तीन हजारात एक हा दर असता तर चाळीस हजारांत तेरा-चौदा मृत्यू दिसायला हवे होते. शून्य निव्वळ नशिबानं येत नाही. मग एकतर हैदराबादची भूल खरोखर सुरक्षित होती, नाहीतर मोजण्यात गडबड होती. मला वाटतं, दोन्हीचं थोडं थोडं. चाळीस हजार हा आकडा वहीत एकेक रेघ मारून आलेला दिसत नाही. 'रोज पाच-सहा' गुणिले वर्षं, असा तो आलाय. 'चाळीस-पन्नास' या शब्दातच दहा हजारांचं अंतर आहे. शाळेच्या भाषेत, छेद अंदाजानं. आणि अंश? ज्या डॉक्टरच्या मते क्लोरोफॉर्म हृदय थांबवूच शकत नाही, त्याच्या टेबलावर एखाद्याचं हृदय थांबलं तर तो मृत्यू कुठल्या खात्यात जाईल? मूळ आजारात. शस्त्रक्रियेच्या धक्क्यात. भूल देणाऱ्याच्या निष्काळजीपणात. लॉरी खोटं बोलला असं मी म्हणत नाही. प्रामाणिक माणसाकडूनही हे होतं, तीच तर अडचण आहे.

विज्ञान तिथं थांबलं नाही. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी एका जनावराच्या मेंदूला दुसऱ्या जनावराचं रक्त पुरवणारी जोडणी केली, म्हणजे क्लोरोफॉर्म फक्त मेंदूला द्यायचं की फक्त हृदयाला, हे ठरवता येईल. क्लोरोफॉर्म हृदयाला थेट दुबळं करतं, हे त्यातून दिसलं. पण हॅनाचं कोडं सुटलं नव्हतं. तिला जादा मात्रा मिळाली असती तर तिनं पाय कसा झटकला असता?

ते कोडं अल्फ्रेड गुडमन लेव्ही या लंडनच्या डॉक्टरनं १९११ च्या सुमारास सोडवलं. तो मांजरांवर काम करत होता. जास्त क्लोरोफॉर्म दिलेली मांजरं हळूहळू, श्वास मंदावत मरायची, अगदी हैदराबादसारखी. पण अर्धवट भुलीत असलेल्या मांजराला ॲड्रिनलिन टोचलं, किंवा क्लोरोफॉर्म मध्येच थांबवून पुन्हा दिलं, की काही सेकंदांत हृदय नुसतं थरथरू लागायचं. आज आम्ही त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतो. घाबरलेल्या माणसाचं शरीर ॲड्रिनलिन स्वतःच बनवतं. पंधरा वर्षांची रडणारी मुलगी, अर्धवट भूल, नखाला लागलेली सुरी, झटकलेला पाय. हॅना तशीच गेली असावी असं मानणारे आज बरेच आहेत.

म्हणजे स्नो बरोबर होता, हृदय थांबतं. पण नेहमी तीव्र वाफेनंच नाही. लॉरीही एका अर्थी बरोबर होता, जादा मात्रेत श्वास आधी जातो. फक्त त्यानं मुख्यतः जादा मात्रेचाच प्रश्न विचारला, आणि माणसं मरत होती अपुऱ्या मात्रेत. आणखी एक उपरोध पाहा. पेशंटला शांत करा, भूल सलग द्या, मध्ये सोडू नका, हे लॉरी पुन्हा पुन्हा सांगायचा. लेव्हीच्या हिशोबानं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग. हैदराबादला खरंच मृत्यू कमी झाले असतील तर ते या सवयीमुळे झाले असतील, सिद्धान्तामुळे नाही. पण सवय कमिशनच्या निष्कर्षात नव्हती. निष्कर्षात होतं, हृदयाची काळजी नको. जगभर तेच वाचलं गेलं.

आता ती पारशी मुलगी. रूपाबाई फर्दूनजी. लॉरीच्या शाळेत शिकली आणि हैदराबादच्या रुग्णालयांत भूल देऊ लागली. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून तिचं नाव घेतलं जातं. त्या काळात स्त्री डॉक्टर म्हणजे बाळंतपणं, असंच समीकरण होतं. तिचं वेगळं. १९०९ मध्ये ती एडिंबराला गेली, तिच्या गुरूच्या आणि त्याच्याही गुरूच्या गावाला, आणि तिथं शिकली काय? भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. वर्षानुवर्षं कापड हातात धरलेल्या बाईनं समुद्र ओलांडून जाऊन वाफेचा अभ्यास केला. शेवटच्या पंधरवड्यावर ढकललेला माझा तो पहिला पेपर मला इथं आठवतो आणि जरा लाज वाटते.

तर, नर्सिंग होम. पुढच्या खेपेला मी सरांना तीनचा नियम सांगितला. वर्षाला सरासरी दोनशे भुली धरल्या, बावीस वर्षं, चव्वेचाळीसशे. ३ भागिले ४४००. "सर, दीड हजारात एक इतका धोका असला तरी आपल्याला शून्यच दिसलं असतं. आणि आजच्या काळात दीड हजारात एक म्हणजे खूप वाईट आहे."

सर हसले. "पण दोनशे कशावरून? जास्तच असतील."

बरोबर होतं त्यांचं. मीही लॉरीसारखाच गुणाकार केला होता. म्हणून सिस्टरकडून ओटीचं रजिस्टर मागितलं. गेल्या सहा वर्षांची मिळाली, त्याआधीची उधईनं खाल्लेली. दोन दुपारी बसून मी रेघा मारल्या. १,०७१ भुली. म्हणजे वर्षाला एकशे ऐंशीच्या आत. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'स्टेबल'. नऊ ठिकाणी लिहिलं होतं, 'हायर सेंटरला पाठवले'. त्यातले चार ऑपरेशनच्या दिवशीच. पुढं काही नाही.

मी सिस्टरना विचारलं, "या चौघांचं काय झालं?"

"तिकडं गेल्यावर आपल्याला कुठं कळतं, मॅडम." मग एका नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हा मुलगा आठवतोय. अपेंडिक्सचा. त्याचे वडील नंतर एकदा आले होते. बिलाची पावती हरवली होती, दुसरी पाहिजे म्हणून."

"मुलाबद्दल काही म्हणाले?"

"नाही. मी पण नाही विचारलं."

रजिस्टर मी सरांच्या टेबलावर त्याच पानावर उघडं ठेवलं. ते बराच वेळ बघत होते. बावीस वर्षांचं वाक्य त्यांनी त्या दिवशी म्हटलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. कॅप्नोग्राफ आला तो चार महिन्यांनी, जुना, एका बंद पडलेल्या हॉस्पिटलातला. तोवर मी रजिस्टरमध्ये पट्टीनं आणखी एक रकाना आखला होता. सिस्टरनी त्याचं नाव विचारलं, तेव्हा मी सांगितलं, 'पुढं काय झालं' असं लिहा.